अपूर्ण संबोधन

गुरुवार, ९ जानेवारी १९५८

पेलहॅम लँडिंगच्या काळ्या मुलांच्या शाळेत मी एक्केचाळीस वर्षे व्याकरण शिकविले. त्यांपैकी एकोणीस वर्षे मुख्याध्यापक होतो. निवृत्त होऊन दोन वर्षे झाली आणि माझी पत्नी लिओन्टीन हिला जाऊन येत्या सोमवारी तीन महिने होतील. अंथरुणाला खिळलेली असताना तिने माझ्याकडून एक वचन घेतले. "जन्मभर लाल पेन्सिलीने लोकांच्या चुका शोधल्यात," ती म्हणाली, "आता रोज एक तरी बरोबर गोष्ट लिहून ठेवा." वहीही तिनेच आणवून ठेवली होती. वचनाचे पालन आजपासून करीत आहे. विलंबाबद्दल क्षमा मागावी अशी व्यक्ती उरलेली नाही.

दुपारी व्हर्डेल सीब्रुक घरी आली. बाजाराच्या मागच्या गल्लीत तिचे केशभूषेचे दुकान आहे. लिओन्टीन वीस वर्षे दर शनिवारी तिच्याकडे केस करवून घेत असे. दुकानाच्या मागील खोलीत ती मोठ्या माणसांचा एक वर्ग सुरू करणार आहे. मतदारयादीत नाव घालावयाचे असल्यास कारकुनासमोर राज्यघटनेचे एक कलम वाचून व लिहून दाखवावे लागते. कचेरी महिन्याच्या पहिल्या सोमवारी उघडते. जूनच्या मतदानासाठी मे महिन्याचा सोमवार शेवटचा आहे.

"मिस्टर विगफॉल, मला लिहिता-वाचता येतं, पण शिकवता येतं का ते ठाऊक नाही," ती म्हणाली. "तुम्ही याल?"

मी होकार दिला. तथापि एक गोष्ट खटकली. या गावात मला सर्व जण 'प्रोफेसर' म्हणतात. शिक्षणाधिकारी म्हणतात, पोस्टमास्तर म्हणतो, बँकेतील गोरे गृहस्थही म्हणतात. या बेटावरचे आमचे काळे लोक तो शब्द मोडून 'फेसर' करतात, परंतु हेतू तोच असतो. आणि माझ्याच शाळेत सातवीपर्यंत शिकलेली ही बाई मला केवळ 'मिस्टर' म्हणते. शाळा का सोडलीस, असे विचारले. "एका वाक्यामुळे," असे उत्तर देऊन ती कॉफी करावयास स्वयंपाकघरात गेली. बहुधा विनोद असावा.

आजचे बरोबर: कॉफीत साखरेपूर्वी चिमूटभर मीठ होते. लिओन्टीन तशीच करीत असे. व्हर्डेलला हे कसे माहीत, ते विचारावयाचे राहिले.

मंगळवार, १४ जानेवारी

पहिला वर्ग झाला. अकरा जण आले होते. केस वाळविण्याची यंत्रे भिंतीशी सरकवून मध्ये बाके मांडली होती. खोलीत जळक्या केसांचा व केसांना लावावयाच्या पोमेड मलमाचा वास होता. मी फळ्यावर शब्दांच्या आठ जाती लिहिल्या.

पहिल्या बाकावर क्रीसी फ्रेझर बसली होती. वय सदुसष्ट. पन्नास वर्षे कालवांच्या कारखान्यात कालवे सोलते. शिंपल्यांच्या जखमांनी तिची बोटे इतकी राठ झाली आहेत की पेन्सिल ती सुरीसारखी मुठीत धरते.

"फेसर, ह्यात माजं नाव कुटं हाय?" तिने विचारले.

"नामांचे प्रकार पुढील महिन्यात घेऊ. तुझे नाव हे विशेषनाम आहे."

"विशेष हाय व्हय? कारखान्यात कुनी बोललं न्हाई."

सगळे हसले. मी शांतता राखावयास सांगितले. मध्यंतरी तिने "वाईच पानी द्या" असे म्हटले. 'पानी' हा शब्द अशुद्ध होता. मी तो तिच्याकडून तीनदा शुद्ध म्हणवून घेतला. "तवर तहान गेली," असे ती म्हणाली.

व्हर्डेल या सर्वांना 'मिसेस फ्रेझर', 'मिस्टर वॉशिंग्टन' असे संबोधते. कालवे सोलणाऱ्या बाईला 'मिसेस'. मला ते थोडे नाटकी वाटते.

आजचे बरोबर: अकरा जण आले.

मंगळवार, २१ जानेवारी

तिघे आले.

व्हर्डेलने बाके लावता लावता सांगितले, "मिस्टर विगफॉल, कचेरीत कुणी क्रियाविशेषण विचारणार नाही. कलम वाचायला सांगणार आणि सही करायला सांगणार. मिसेस फ्रेझरना आधी डेट्रॉइटच्या लेकाला पत्र लिहायचंय. तिथून सुरू करू या."

"पायाशिवाय घर?"

"घरात बसून पाया खणता येतो. बाहेर थंडी आहे."

मी टोपी घेतली. दारापाशी तिने विचारले, "आजचं बरोबर लिहिलंत का?" या वहीविषयी मी कोणालाही बोललेलो नाही. प्रश्न वर्गाविषयी असावा असे समजून 'हो' म्हटले.

मग माझ्याच्याने पुढे जाववले नाही. टोपी पुन्हा खुंटीला लावली. पुढील तासभर मी क्रीसीच्या हातावर हात ठेवून 'फ्रेझर' गिरविले. तिचा तळहात कालवाच्या पाठीसारखा आहे. सातव्या प्रयत्नात अक्षर ओळीवर बसले. ती त्यावरून बोट फिरवीत म्हणाली, "हे म्या हाय?"

सर्वनाम चुकले होते. दुरुस्त करण्याची आठवण घरी पोहोचल्यावर झाली.

सोमवार, ३ फेब्रुवारी

आज मी कचेरीत एकटाच गेलो. वर्गाला मार्ग दाखवावा असा विचार होता. आजवर मी नाव घातले नव्हते, कारण शिक्षणाधिकारी नेहमी म्हणत, "प्रोफेसर, तुम्हाला त्या भानगडीत पडायची काय गरज?" आणि मला ते सौजन्य वाटे.

नोंदणी कारकून मिस्टर पर्व्हिस पस्तिशीचा आहे. "या, प्रोफेसर," तो म्हणाला. कलम दिले. मी ते विरामचिन्हांसह वाचले. लिहून काढले. पर्व्हिस म्हणाला, "प्रोफेसर, वाचावं तर तुम्हीच."

नंतर अर्ज भरावयाचा होता. अर्जातील चौथ्या ओळीत कर्ता अनेकवचनी व क्रियापद एकवचनी छापलेले आहे. शासनाचा कागद, त्यावर ही चूक, आणि तो दरमहा शेकडो लोकांसमोर जातो. माझा हात खिशाकडे केव्हा गेला ते कळले नाही. मी समासात लाल पेन्सिलीने दुरुस्ती केली आणि कागद त्याच्यापुढे सरकविला. तो आभार मानील, अशी माझी प्रामाणिक अपेक्षा होती.

"सरकारी कागद खराब केलात, प्रोफेसर," तो म्हणाला. "अर्ज बाद. तीन महिन्यांनी या."

संताप झाला. परंतु न्यायाने लिहावयाचे तर त्याचे वर्तन सभ्य होते. त्याने मला पाच वेळा 'प्रोफेसर' म्हटले. आजचे बरोबर म्हणून हेच नोंदवितो.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

वर्गात माझी हकिकत सर्वांना आधीच ठाऊक होती.

"घटना पाठ असलेला मानूस क्रियापदावर पडला," क्रीसी म्हणाली. "मंग आमी कालवंवाल्यांनी काय करावं?"

"लाल पेन्सिल घरी ठेवावी," वॉशिंग्टन म्हणाला. तो लाकूडवखारीत गाडी हाकतो आणि फार बोलतो.

मी म्हटले की चूक ती चूक, आणि मला निदान मान मिळाला. खुद्द पर्व्हिस मला प्रोफेसर म्हणतो. व्हर्डेल हातांवरील खडू पुसत होती. ती हळू आवाजात म्हणाली, "मिस्टर विगफॉल, वाईट वाटून घेऊ नका. ते तुम्हाला प्रोफेसर का म्हणतात, माहितीये? मिस्टर म्हणायला लागू नये म्हणून. शिकलेल्या काळ्या माणसाला नुसत्या नावानं हाक मारायची लाज वाटते आणि मिस्टर म्हणायला जीभ वळत नाही. मग कुणी प्रोफेसर, कुणी डॉक्टर, कुणी रेव्हरंड. मधली पळवाट."

खोलीत कोणीच हसले नाही. त्यावरून मला कळले की ही गोष्ट माझ्याव्यतिरिक्त सर्वांना माहीत होती.

मी उठून घरी आलो. आज बरोबर काही नाही.

रविवार, ९ फेब्रुवारी

चर्चला गेलो नाही. क्षमस्व, लिओन्टीन.

बुधवार, १२ फेब्रुवारी

विधान पुराव्याने तपासावे, असे मी मुलांना शिकवीत असे. काल पलंगाखालील पेटी काढली. तीत तीन शिक्षणाधिकाऱ्यांची एक्केचाळीस वर्षांतील पत्रे आहेत. एकूण दोनशे सहा. मी प्रत्येकाचा मायना पाहिला. एकशे चौऱ्याण्णव पत्रांत 'प्रोफेसर' आहे. बारा पत्रांत, मी तरुण असतानाच्या, नुसते माझे पहिले नाव 'हेझेकाया' आहे. 'मिस्टर' एकाही पत्रात नाही.

आज पोस्टात तिकिटे घेण्यासाठी रांगेत उभा होतो. माझ्यापुढे ग्रीअर नावाचा गोरा माणूस होता. तो सहीच्या जागी अंगठा उठवितो. "घ्या, मिस्टर ग्रीअर," पोस्टमास्तर म्हणाला. नंतर माझ्याकडे वळला. "बोला, प्रोफेसर."

कोणत्याही महाविद्यालयाने मला प्राध्यापकपद दिलेले नाही. एक्केचाळीस वर्षे मी शब्दांचे अर्थ सांगत आलो. माझ्या डोक्यावर ठेवलेल्या शब्दाचा अर्थ मात्र एका केशभूषाकारिणीने सांगावा लागला.

आजचे बरोबर: तिने सांगितले. ती गप्प बसली असती तर मी याच समाधानात मेलो असतो. हे आभाराचे कारण आहे, असे आज सकाळी वाटू लागले. काल तसे वाटत नव्हते.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

वर्गात गेलो. क्रीसीने शेजारची खुर्ची पुसून दिली.

शेवटची दहा मिनिटे व्हर्डेल आता मला व्याकरणासाठी देते. पत्राचा मायना शिकविला. "संबोधन पूर्ण असावे," मी म्हटले. "प्रथम मिस्टर, मिसेस अथवा मिस, मग नाव, मग आडनाव, मग स्वल्पविराम. संबोधन अपूर्ण असेल तर पत्र कोणासाठी आहे याची खात्री होत नाही. असे पत्र उघडण्याचे बंधन कोणावरही नाही." हे सांगताना माझा आवाज थोडा चढला असावा.

क्रीसीने विचारले, "मंग माज्या पत्रावर लेकानं काय लिवावं?"

"मिसेस, त्यानंतर तुमचे पूर्ण नाव. क्रीसी हे कशाचे लघुरूप आहे?"

तिने चर्चमधून जन्माचा दाखला आणवला होता. त्यावर 'ल्युक्रीशिया अॅन' असे होते. तिने ते प्रथमच वाचले. "येवडं मोठं?" ती म्हणाली. "येवडं नाव असून म्या सदुसष्ट वरीस शेपटावर काढली."

मंगळवार, २५ फेब्रुवारी

वर्ग सुटल्यावर क्रीसीला तिच्या गल्लीपर्यंत सोबत केली. वाटेत मी म्हणालो, व्हर्डेलने एका वाक्यासाठी शाळा सोडली हे चमत्कारिक आहे. ती थांबली.

"तुमाला खरंच ठावं न्हाई?"

मग तिने सांगितले. तेवीस वर्षांपूर्वी व्हर्डेलची आई कारखान्यातून तशीच, ओल्या एप्रनवर, माझ्या वर्गाच्या दारात आली होती. तिने विचारले, "मास्तर, माजी पोर शिकंल का?" मी मुलांना सांगितले, या वाक्यात दोन चुका आहेत, कोण दाखवील? मुलांनी दाखविल्या. मुले हसली. आई परत गेली. दुसऱ्या दिवसापासून व्हर्डेल आली नाही.

मला हे आठवत नाही. मी खूप प्रयत्न केला. आठवत नाही याचा अर्थ असा असावा की तो माझा नेहमीचा दिवस होता.

प्रश्नाचे उत्तर मी दिले नव्हते, असेही क्रीसी म्हणाली.

बुधवार, २६ फेब्रुवारी

सकाळी दुकानात गेलो. व्हर्डेल एका गिऱ्हाईकाचे केस गुंडाळीत होती.

"मिस सीब्रुक," मी म्हणालो, "तुमच्या आईने मला एक प्रश्न विचारला होता. उत्तर द्यावयाचे राहिले."

तिचे हात थांबले नाहीत. "तेवीस वर्षं झाली."

"विलंब अक्षम्य आहे. उत्तर 'हो' असे आहे."

तिने केसांना आणखी एक चिमटा लावला. खुर्चीतील बाई आरशातून आम्हा दोघांकडे पाहत होती. "रविवारी तिच्या कबरीवर जाणार आहे. सांगते," व्हर्डेल म्हणाली.

"मग मला वर्गाला का बोलावलेत?"

"कुणीतरी शब्द टाकला होता." ती किंचित हसली. "आणि व्याकरण तुम्हालाच येतं. राग माझा आहे. तो मी सांभाळते, तुम्ही स्वल्पविराम सांभाळा."

शब्द कोणी टाकला ते तिने सांगितले नाही. बहुधा पाद्रीबुवांनी.

आजचे बरोबर: तिने मला बसावयास खुर्ची दिली.

सोमवार, ३ मार्च

पाच जण कचेरीत गेले. दारावर 'जेवणाची सुटी' अशी पाटी होती. ती सकाळी दहापासून चारपर्यंत होती. पाटीत शुद्धलेखनाची एक चूक होती, असे वॉशिंग्टनने येऊन सांगितले. त्याने ती स्वतः ओळखली. तो इतका खूश होता की नोंदणी झाली नाही हे त्याने सर्वांत शेवटी सांगितले.

सोमवार, ७ एप्रिल

आज नऊ जण गेले आणि आठ जणांना प्रमाणपत्र मिळाले. मी व्हर्डेलच्या गाडीत बसून वाट पाहत होतो. आठ जण पायऱ्या उतरत आले तेव्हा त्यांनी कागद छातीशी धरले होते. वॉशिंग्टन आयुष्यात प्रथमच गप्प होता. परमेश्वरा, हे पाहावयास मला जगविलेस.

क्रीसीला मिळाले नाही. ती गाडीत मागे बसली आणि खिडकीबाहेर पाहू लागली.

"येत व्हतं समदं," ती म्हणाली. "काल रातीला घडाघडा वाचलं. त्यानं 'ए क्रीसी' म्हटलं, म्या उटले, आन् उटता उटता कारखान्यातली क्रीसी झाले. त्या क्रीसीला कुटं वाचाया येतंय? अक्षरं उडाली."

"आणखी एक सोमवार आहे," व्हर्डेल म्हणाली.

"येकच हाय."

मेच्या सोमवारी माझेही तीन महिने पूर्ण होतात. आम्ही दोघे बरोबर जाऊ असे ठरले.

गुरुवार, १ मे

क्रीसी कलम न अडखळता वाचते. सही करते. लेकाचे पत्र आले आहे. पाकिटावर 'मिसेस ल्युक्रीशिया अॅन फ्रेझर' असे लिहिले आहे. तिने ते उघडण्यापूर्वी वर्गात सर्वांना फिरवून दाखविले.

"संबोधन पुरं हाय का बगा, फेसर."

मी पाहिले. स्वल्पविराम नव्हता. "पूर्ण आहे," असे मी म्हणालो.

मंगळवार, ६ मे

काल लिहिण्याचे त्राण नव्हते. आज क्रमाने लिहितो.

आम्ही दहा वाजता कचेरीत पोहोचलो. नोंदणी झालेल्यांनी आत थांबू नये असे सांगून पर्व्हिसने व्हर्डेलला बाहेर पाठविले. आम्ही दोघांनी अर्ज दिले. तिचा पहिला होता, माझा दुसरा. भिंतीलगतच्या बाकावर बसलो.

"क्रीसी," पर्व्हिसने हाक मारली.

क्रीसी उठली नाही. मला वाटले, तिला ऐकू आले नसावे.

"क्रीसी फ्रेझर."

ती समोरच्या घड्याळाकडे पाहत होती. मांडीवर दोन्ही हात एकमेकांवर ठेवले होते. मग माझ्या लक्षात आले. तिला ऐकू आले होते.

येथे एक गोष्ट नोंदविणे भाग आहे. माझा हात तिच्या कोपराकडे गेला. तिला ढोसावे, उठवावे, असे मला वाटले. हा शेवटचा सोमवार होता. आज पर्व्हिस चिडला तर तिचे मत गेले आणि माझेही. चार महिन्यांची मेहनत एका हाकेसाठी घालवावी का? मला तो हट्ट वाटला. मी भ्यालो होतो.

पर्व्हिसने माझ्याकडे पाहिले. "प्रोफेसर, तुमच्या या बाईला ऐकायला येत नाही का?"

मी उभा राहिलो. वर्गात चुकीचे वाक्य ऐकल्यावर मी जसा उभा राहत असे तसाच उभा राहिलो. दुसरी रीत मला येत नाही.

"ऐकू येते, साहेब," मी म्हणालो. "संबोधन अपूर्ण आहे."

"काय आहे?"

"संबोधन. आपण अर्जावर पाहिलेत तर त्यांचे नाव मिसेस ल्युक्रीशिया अॅन फ्रेझर असे आहे. आणि क्षमा असावी, माझेही चुकले आहे. मी प्राध्यापक नाही. मी मिस्टर विगफॉल."

टेबलापाशी एक गोरा शेतकरी उभा होता. त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिले. पर्व्हिसचे कान लाल झाले. तो ओरडेल असे वाटले. त्याने टाक दौतीशेजारी आडवा ठेवला आणि म्हणाला, "मला काही घाई नाही. चारला बंद होतं."

मी बसलो.

"तुम्ही उठाल असे मला वाटले होते," मी हळूच म्हणालो.

"तुमीच शिकवलंत," ती पुटपुटली. "अपुरं आसंल तर उघडायचं न्हाई."

दहाचे अकरा झाले. गोरे लोक येत-जात होते. "या मिस्टर टोलिव्हर, कापूस कसा काय?" "मिसेस हॅग्वुड, इथं सही." आमचे दोन अर्ज टेबलाच्या कोपऱ्यावर पडून होते. बारा वाजता तो जेवावयास गेला. आम्ही बसून राहिलो. एक वाजता तो आला. पाण्याचा नळ व्हरांड्यात होता. त्यावर 'फक्त गोऱ्यांसाठी' अशी पाटी होती, आणि ती वाचावयास क्रीसीला आता कोणाची गरज नव्हती. दोन वाजले. तीन वाजले. मी मनात त्याला दोनदा शरण गेलो. दोन्ही वेळा शेजारी पाहिले आणि त्या राठ हातांनी काहीही केलेले नाही असे दिसले. म्हणून मीही काही केले नाही.

तीन वाजून पस्तीस मिनिटांनी खोली रिकामी झाली. पर्व्हिसने वरचा अर्ज उचलला. आमच्याकडे न पाहता, रजिस्टरातून वाचावे तसे त्याने वाचले, "ल्युक्रीशिया अॅन फ्रेझर."

क्रीसीने माझ्याकडे पाहिले. गणित बरोबर आले का, असे मूल पाहते तसे पाहिले. मी किंचित मान हलविली. पूर्ण नव्हते. परंतु उघडण्याइतके होते.

ती उठली. तिने बोट ठेवून वाचले. सावकाश, परंतु एकही अक्षर न गाळता. मग लिहिले. तिला बावीस मिनिटे लागली आणि मी त्यांतील प्रत्येक मिनिट पाहिले. पर्व्हिसने शिक्का मारला, कागद दिला आणि घड्याळाकडे पाहिले.

"वेळ संपली, प्रोफे—" असे म्हणून तो थांबला. शब्द अर्धा राहिला. त्याने माझा अर्ज खणात टाकला.

म्हणजे जूनच्या मतदानात मी नाही. पायऱ्यांवर व्हर्डेलने ते ऐकले तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आले. क्रीसी म्हणाली, "म्या लौकर लिवायला हवं व्हतं."

"लेखनात घाई करू नये," मी म्हणालो. "अक्षर सुरेख आले आहे."

आजचे बरोबर: सर्व. शब्द अर्धा सोडल्याबद्दल मी कोणाचे आभार मानीन असे कधी वाटले नव्हते.

सोमवार, २ जून

नोंदणी झाली. प्रमाणपत्र समोर आहे. या मतदानास त्याचा उपयोग नाही, पुढील सर्वांस आहे. माझी पाळी आली तेव्हा पर्व्हिसने मला हाकच मारली नाही. त्याने बोट केले. बोट कोणत्याही विभक्तीत बसत नाही. तरीही माझ्या नावाच्या जागी त्याने खोटा शब्द ठेवला नाही, याबद्दल त्याचा आभारी आहे. चौथ्या ओळीतील क्रियापद अद्याप तसेच आहे. मी खिशाला हात लावला नाही.

व्हर्डेलने रताळी व भेंडीचा रस्सा पाठविला. डब्यावर चिठ्ठी होती: "मिस्टर हेझेकाया विगफॉल, अभिनंदन. तिलाही आज बरं वाटलं असतं." 'तिला' या सर्वनामाचा संदर्भ स्पष्ट नाही. तिची आई अभिप्रेत असावी. आईला माझ्या नोंदणीशी काय कर्तव्य, असाही प्रश्न पडतो. स्वल्पविराम मात्र योग्य जागी आहे.

मंगळवार, १० जून

मिसेस फ्रेझर यांच्यासोबत मतदानकेंद्राच्या फाटकापर्यंत गेलो. त्यांनी चर्चची निळी टोपी घातली होती. आत जाण्याचा मला अधिकार नव्हता. मी रस्त्यापलीकडे, उन्हात उभा राहिलो. सावली होती, परंतु तेथून दार दिसत नव्हते.

दार उघडे होते आणि टेबलाजवळचे बोलणे ऐकू येत होते.

"नाव?" आतून कोणी विचारले.

"मिसेस ल्युक्रीशिया अॅन फ्रेझर." कारखान्यात यंत्रांवरून बोलावयाची सवय असलेला आवाज तो. रस्त्यावरील दोघे-तिघे वळून पाहू लागले.

त्या सुमारे दहा मिनिटांनी बाहेर आल्या. रस्ता ओलांडताना कोणाचीही वाट पाहिली नाही. गाडीवाल्याने गाडी थांबविली. माझ्याजवळ येऊन त्यांनी पिशवीतून काचेची बरणी काढली. मतदानकेंद्रातील नळही आपल्यासाठी नाही म्हणून घरून पाणी भरून आणली होती. माझा चेहरा उन्हाने तापला असावा.

"मिस्टर विगफॉल," त्या म्हणाल्या, "पानी घ्या."

मी दोन्ही हातांनी बरणी घेतली. थंड होते. अर्धी पिऊन झाल्यावरच थांबलो.

आजचे बरोबर: पानी. जसे उच्चारले गेले तसेच लिहिले आहे.